‘ॲट लीस्ट’ म्हणजे किती?



या सदरातून आपण एरवी खते, बियाणे, कीड आणि रोग यांच्याविषयी बोलतो. आज थोडे इंग्रजीविषयी बोलायचे आहे. “साहेब शेती सोडून मास्तर कधी झाले?” असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण ज्या शब्दांविषयी मी सांगणार आहे, ते किंवा त्यांची सख्खी भावंडे आज तुमच्या घरातच आहेत. बियाण्याच्या पिशवीवर आहेत, युरियाच्या गोणीवर आहेत, औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या कागदावर आहेत. ते शब्द म्हणजे ‘ॲट लीस्ट’.

गोष्ट अशी झाली. सोयाबीनच्या पेरण्या उरकत आल्या होत्या. एके दिवशी सकाळीच एक तात्या माझ्या कार्यालयात आले. वय साठीच्या पुढे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात बियाण्याची रिकामी पिशवी. बरोबर गावातले दोघे आणि दहावीत गेलेली त्यांची नात. तात्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि लेबलावर बोट ठेवून म्हणाले,

“साहेब, हे वाचा. इथं सत्तर लिहिलंय. म्हणजे शंभरातले तीस दाणे मेलेले आहेत, हे विकणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. मग पैसे शंभर दाण्यांचे का घेतले?”

बरोबरचा एक जण म्हणाला, “तात्या, सत्तर म्हणजे सत्तरच उगवायचं. तेवढंच येतं ते. उगीच भांडू नका.”

दुसरा आतापर्यंत गप्प होता. तो हळूच म्हणाला, “आमच्या पोरानं तर निराळंच वाचलं. सत्तरच्या आधी ‘मिन.’ लिहिलंय ना, ते मिनिटं म्हणाला. म्हणून आम्ही बी सत्तर मिनिटं पाण्यात भिजवून पेरलं.”

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. सोयाबीनच्या दाण्याचे साल अतिशय पातळ असते. भिजवलेला दाणा फुगतो, साल सुटते आणि पेरणी यंत्राच्या नळीतून जाताना तो फुटतो. त्या माणसाचे दोन एकरांतले बी एका अक्षरापायी वाया गेले होते.

तेवढ्यात तात्यांची नात म्हणाली, “आबा, ‘मिन.’ म्हणजे मिनिमम. मिनिमम म्हणजे ॲट लीस्ट. सत्तर तरी उगवलंच पाहिजे, जास्त उगवलं तर चांगलंच, असं आहे ते.”

त्या मुलीने एका वाक्यात तिघांचेही उत्तर दिले. तात्यांना वाटले होते की तीस दाणे मेलेले आहेत. शेजाऱ्याला वाटले होते की सत्तरच उगवणार. तिसऱ्याने तर घड्याळच लावले होते. आकडा तिघांनीही बरोबर वाचला होता. आकड्याच्या आधीचा शब्द मात्र तिघांनीही सोडला होता.

तळाची पायरी

‘ॲट लीस्ट’ला आपल्या भाषेत चांगले तीन-चार शब्द आहेत. किमान, कमीत कमी, निदान. आणि सर्वांत सोपा म्हणजे ‘तरी’. “कापूस वेचायला दहा बाया तरी लागतील,” असे आपण म्हणतो. म्हणजे दहापेक्षा कमी चालणार नाहीत, अकरा-बारा आल्या तर हरकत नाही. विहिरीला जशी तळाची पायरी असते, तसा हा आकडा असतो. त्याच्या खाली जायला जागा नाही, वर यायला भरपूर आहे.

रोजच्या बोलण्यातली काही वाक्ये पाहा. मुलांना मोठ्याने वाचायला सांगा आणि आपणही म्हणून पाहा.

‘वी नीड ॲट लीस्ट टेन वर्कर्स.’ – आम्हाला दहा मजूर तरी लागतील.

‘इट विल टेक ॲट लीस्ट टू आवर्स.’ – निदान दोन तास तरी लागतील.

‘ड्राय द ग्रेन फॉर ॲट लीस्ट थ्री डेज.’ – धान्य कमीत कमी तीन दिवस वाळवा.

‘धिस काऊ गिव्हज ॲट लीस्ट एट लिटर्स अ डे.’ – ही गाय दिवसाला आठ लिटर तरी दूध देते.

‘कम ॲट लीस्ट वन डे बिफोर द वेडिंग.’ – लग्नाच्या निदान एक दिवस आधी या.

पाचही वाक्यांत ‘ॲट लीस्ट’ हे आकड्याच्या लगेच आधी आले आहे. शिकणाऱ्या मुलांनी ही जागा धरून ठेवली तर चूक होणार नाही. आणखी एक गंमत. हेच शब्द आकड्याशिवायही येतात. ‘ॲट लीस्ट टेल मी’ म्हणजे निदान सांगा तरी. ‘ॲट लीस्ट द वेल हॅज वॉटर’ म्हणजे निदान विहिरीला पाणी तरी आहे. पीक गेले, पण एवढे तरी राहिले, असा तो सूर असतो. आपल्याला तो सूर ओळखीचा आहे.

पस्तीसचा हिशेब

आता एक बारीक गोष्ट, पण मोलाची. ‘ॲट लीस्ट’ म्हटल्यावर तो आकडा स्वतः धरायचा की सोडायचा?

धरायचा. दहावीला पास व्हायला विषयात पस्तीस गुण लागतात. ‘यू मस्ट गेट ॲट लीस्ट थर्टी फाइव्ह मार्क्स.’ बरोबर पस्तीस पडलेला मुलगा पास आहे. पण कुणी ‘मोर दॅन थर्टी फाइव्ह’ म्हटले, तर पस्तीसवाला नापास होईल आणि छत्तीसवाल्यापासून पुढे पास होतील. ‘मोर दॅन’ म्हणजे ‘पेक्षा जास्त’, त्यात तो आकडा येत नाही. एका गुणाचा फरक आहे, पण ज्याच्या घरात पस्तीसवाला मुलगा आहे त्याला विचारा की हा फरक किती मोठा आहे.

कायद्याचे इंग्रजी आणखी अवघड असते. तिथे ‘ॲट लीस्ट’ऐवजी ‘नॉट लेस दॅन’ असे उलटे लिहितात. आपल्या संविधानात मतदाराचे वय ‘नॉट लेस दॅन एटीन इयर्स’ असे आहे. पूर्वी तिथे एकवीस होते. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने ते अठरा केले. ‘लेस’ म्हणजे कमी, ‘नॉट लेस’ म्हणजे कमी नको. म्हणजे फिरून तेच, अठरा तरी हवेत. ‘नॉट’ आणि ‘लेस’ असे दोन नकार एकत्र दिसले की घाईने वाचू नका. तोंडाने एकदा मराठीत म्हणा, ‘याच्यापेक्षा कमी नको’. लगेच उलगडेल.

याच्या उलट बाजूला दुसरी भावंडे आहेत. ‘ॲट मोस्ट’, ‘नॉट मोर दॅन’, ‘मॅक्सिमम’ आणि ‘अप टू’. यांचा अर्थ जास्तीत जास्त, कमाल, ‘पर्यंत’. हा आकडा म्हणजे घराचे आढे. त्याच्या वर जायला जागा नाही. लेबलांवर जागा वाचवण्यासाठी ‘मिनिमम’चे ‘मिन.’ आणि ‘मॅक्सिमम’चे ‘मॅक्स.’ करतात. एवढी चार-पाच नावे ओळखीची झाली की लेबलाचे निम्मे इंग्रजी वाचता आले असे समजा.

पिशवीवर आणि गोणीवर

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याचे मापदंड घ्या. उगवणशक्ती किमान ७० टक्के. शुद्ध बियाणे किमान ९८ टक्के. काडीकचरा व माती कमाल २ टक्के. साध्या पिशवीतल्या बियाण्यात ओलावा कमाल १२ टक्के. जे आपल्याला हवे आहे त्याच्यामागे ‘मिनिमम’ आणि जे नको आहे त्याच्यामागे ‘मॅक्सिमम’. प्रत्येक पिकाचा किमान आकडा वेगळा असतो. गहू आणि हरभऱ्याला उगवण किमान ८५ टक्के लागते, ज्वारी आणि तुरीला ७५, भुईमुगाला ७०. म्हणून सोयाबीनच्या सत्तरकडे पाहून गव्हाचे सत्तर चालवून घेऊ नका.

युरियाच्या गोणीचेही तसेच. त्यात नत्र किमान ४६ टक्के असलेच पाहिजे आणि ओलावा १ टक्क्याच्या वर नको. आता गोणी ४५ किलोची असते. म्हणजे एका गोणीत नत्र साधारण २० किलो ७०० ग्रॅम. पूर्वीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो असायचे. जुन्या सवयीने “एकरी एक गोणी” म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा करून पाहावा.

आता तात्यांच्या शेताकडे वळू. त्यांच्या घरी त्याच लॉटचे थोडे बी शिल्लक होते. मी त्यांच्या नातीलाच उगवण तपासायला सांगितली. पद्धत सोपी आहे आणि प्रत्येक घरात करता येते. गोणपाटाचा तुकडा ओला करून पिळून घ्यावा. सरसकट शंभर दाणे मोजून घ्यावेत, चांगले चांगले निवडू नयेत. दहा-दहाच्या दहा ओळी कराव्यात. वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. रोज थोडे पाणी शिंपडावे, पाणी साचू देऊ नये. सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी कोंब मोजावेत. कुजलेले आणि वेडेवाकडे कोंब मोजायचे नाहीत. बियाण्याला औषध लावलेले असेल तर लहान मुलांना हात लावू देऊ नये आणि आपणही हात साबणाने धुवावेत.

तात्यांच्या बियाण्याचे अठ्ठ्याहत्तर दाणे उगवले. म्हणजे सत्तर तरी हवे होते, त्याहून आठ जास्तच. मग शेतात विरळ का? मी शेतावर गेलो. माती उकरून पाहिली, तर बी चांगले चार बोटे खोल गेलेले. आणि विचारल्यावर कळले की एका सरीवर पेरणी केली होती, पुढे आठ दिवस ऊन पडले. इथेही तेच दोन शब्द आडवे आले होते. सोयाबीन पेरण्याआधी पाऊस कमीत कमी ७५ ते १०० मिलिमीटर झालेला हवा. हा ‘ॲट लीस्ट’. आणि बी ३ ते ५ सेंटिमीटरवर पडावे, ५ च्या खाली जाऊ नये. हा ‘नॉट मोर दॅन’. तात्यांनी जिथे किमान पाळायचे तिथे कमी केले आणि जिथे कमाल पाळायचे तिथे जास्त केले. बी चांगले असून गेले.

घरचे बी वापरणाऱ्यांनी एक हिशेब पाठ करावा. सत्तर टक्के उगवणीला एकरी ३० किलो बी लागते. शंभरातले साठच उगवले तर तीसला सत्तरने गुणा आणि साठने भागा, एकरी ३५ किलो लागेल. चौऱ्याऐंशी उगवले तर त्याच हिशेबाने २५ किलोत भागेल. साठाच्याही खाली गेले तर ते बी पेरण्याचा मोह करू नका, बी बदला. विकत घेतलेले बी सत्तरच्या खाली निघाले, तर पेरणीच्या आधीच पावती, पिशवी, लेबल आणि थोडे बी घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे या. पेरून झाल्यावर आलात तरी तक्रार घेतली जाते, तालुक्याची समिती शेत पाहायला येते. पण पावती आणि लेबल नसले तर तुमची बाजू लंगडी पडते. म्हणून ते जपून ठेवा, चुलीत घालू नका.

‘अप टू’चा मोह

विकणाऱ्याला ‘ॲट लीस्ट’ आवडत नाही, त्याला ‘अप टू’ आवडते. कापडाच्या दुकानावर मोठ्या अक्षरात पन्नास टक्के सूट लिहिलेली असते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अप टू’. म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. एखाद्या फाटक्या गठ्ठ्यावर पन्नास, बाकीच्यावर दहा-पाच. तरी ते वाक्य खोटे ठरत नाही. बियाण्याच्या, खताच्या आणि टॉनिकच्या जाहिरातीतही असेच असते. ‘अप टू ट्वेंटी क्विंटल पर एकर.’ एकरी वीस क्विंटलपर्यंत. कुठेतरी, कुणालातरी, चांगल्या जमिनीत, भरपूर पाण्यावर तेवढे निघाले असेल. तुमच्या मुरमाड रानात सहा निघाले, तरी सहा हे वीसच्या आतच आहे. जाहिरात करणारा मोकळा.

म्हणून माझे एक सांगणे आहे. कुणी ‘अप टू’ म्हटले की लगेच विचारायचे, “हाऊ मच ॲट लीस्ट?” मराठीत विचारा, इंग्रजीत विचारा. “दादा, वरचा आकडा कळला. आता खालचा सांगा. माझ्यासारख्या रानात कमीत कमी किती निघेल, आणि ते कागदावर लिहून देता का?” बहुतेक वेळा समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर जातो. तेच तुमचे उत्तर.

जिथे माझी चूक झाली

आता माझीच एक चूक सांगतो. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. एका गावी भाजीपाल्याच्या बैठकीत भेंडीवरच्या औषधाचा कागद हातात घेऊन मी माहिती देत होतो. प्रत्येक औषधाला शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये ठरावीक दिवस सोडावे लागतात. त्याला इंग्रजीत ‘वेटिंग पिरियड’ म्हणतात. मी घाईत होतो. दुसऱ्या गावी जायचे होते. “याचे सात दिवस आहेत,” एवढेच बोलून पुढे गेलो.

पंधरा दिवसांनी त्याच गावात एक वहिनी भेटल्या. मोठ्या आनंदाने सांगू लागल्या, “साहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणं केलं. सात दिवस औषधाचा असर असतो म्हणालात ना, मग त्या सात दिवसांतच भेंडी तोडून घेतली. किडीचा एक डाग नाही. बाजारात भाव चांगला मिळाला. पोरांनाही रोज भाजी केली.”

माझ्या पोटात खड्डा पडला. मी आकडा सांगितला होता, ‘निदान’ हा शब्द गिळला होता. ‘निदान सात दिवस थांबा’ यातले ‘निदान’ही गेले आणि ‘थांबा’ही गेले. उरले ते ‘सात दिवस’. त्या बिचाऱ्या माउलीने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला आणि नेमक्या विषाच्या दिवसांतली भाजी लेकरांच्या ताटात वाढली. मुलांना काही झाले नाही हे माझे नशीब. पण त्या दिवसापासून मी कुठल्याही सभेत नुसता आकडा सांगत नाही. ‘सात दिवस तरी थांबायचं, आठ झाले तर बरंच’ असे पूर्ण वाक्य म्हणतो आणि समोरच्याकडून वदवून घेतो.

तुम्हीही तो कागद वाचताना पिकाच्या नावासमोरचा आकडा पाहा. एकाच औषधाचे दिवस वांग्याला वेगळे आणि टोमॅटोला वेगळे असू शकतात. आणि तो आकडा नेहमी ‘तरी’ लावून वाचा.

मात्र औषधाच्या मात्रेला ‘तरी’ लावायचे नाही. इथे आपल्याकडे अगदी उलटे होते. कागदावर पंपाला दहा मिली लिहिलेले असते. आपण म्हणतो, “दहा तरी, थोडं जास्त पडलं तर असर चांगला.” औषधाची मात्रा ही तळाची पायरी नसते, ती नेमकी असते. जास्त टाकले की पैसा जातो, कीड औषधाला निबर होते आणि फवारणारा माणूस धोक्यात येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. कुठल्या आकड्याला ‘तरी’ लावायचे आणि कुठल्याला नाही, हे कळणे म्हणजे अर्धे शहाणपण.

बाजारात

हमीभावाचे इंग्रजी नाव पाहा, ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’. पहिलाच शब्द ‘मिनिमम’. किमान आधारभूत किंमत. म्हणजे सरकारी खरेदी केंद्रावर एवढी तरी मिळायची. २०२४ च्या खरीप हंगामात सोयाबीनची ही किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती. त्या वर्षी बाजारात कितीतरी ठिकाणी भाव त्याच्या खाली होते. आणि एरवीही आपण पाहतो, व्यापारी भाव बोलताना हमीभावाकडे असे बोट दाखवतो की जणू तीच वरची हद्द आहे. तळाच्या पायरीला आढे म्हणायचे, ही युक्ती ओळखा.

त्याच हंगामात दुसऱ्या बाजूचा शब्दही कामाला आला. सरकारी खरेदीत सोयाबीनचा ओलावा कमाल १२ टक्के चालतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. ‘अप टू फिफ्टीन पर्सेंट.’ यात पंधरा धरला जातो, पंधराच्या वर गेले की माल परत. तेव्हा ज्यांनी एवढेच ऐकले की “पंधराचं झालं”, त्यांच्यापैकी काहींना वाटले की ओला माल कायमचाच चालणार. ती सवलत एका हंगामाची होती. म्हणून माल नेण्याआधी त्या वर्षीची मर्यादा विचारून घ्या, आणि घरी वाळवताना बाराच डोक्यात ठेवा. ओला माल परत आणण्याचे भाडे आपल्याच खिशातून जाते.

घरातही तेच

शेवटी एक गोष्ट सांगतो, ती शेतीची नाही. पण आपल्या घराची आहे.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मुलीचे वय लग्नाच्या वेळी अठरा पूर्ण हवे आणि मुलाचे एकवीस. याही आकड्याला ‘निदान’ आहे. निदान अठरा. पण आपण त्याचा अर्थ काय करतो? मुलीचा अठरावा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून पाहुणे येऊ लागतात. जणू सरकारने सांगितले आहे की अठराला लग्न कराच. बियाण्याच्या पिशवीवरच्या सत्तरला जसे ‘सत्तरच’ वाचले, तसे हे ‘अठराच’ वाचले जाते. कायद्याने तळाची पायरी दाखवली आहे. तिच्यावरच मुक्काम करावा, असे कुठेही लिहिलेले नाही.

हे मला सुचले ते त्या तात्यांमुळे. उगवणीचा निकाल सांगायला ते दोघे पुन्हा आले तेव्हा नात बाहेर पिशवी धुवायला गेली होती. तात्या हळू आवाजात म्हणाले, “साहेब, पोरगी हुशार आहे. तिचा बाप म्हणतो, बारावी झाली की उरकून टाकू. तोवर अठरा भरतातच.”

मी म्हणालो, “तात्या, पिशवीवरचं सत्तर तुम्हाला पटलं का?”

“पटलं. सत्तर तरी. पुढं कितीही.”

“मग अठराचंही तसंच वाचा.”

तात्या काही बोलले नाहीत. टॉवेल काढून पुन्हा गुंडाळला. मुलगी आत आल्यावर तिच्याकडे पाहत म्हणाले, “चल गं. तुझ्या बापाला पण जरा हे इंग्रजी शिकवायचंय.”

पुढे त्यांच्या घरी काय ठरले ते मला ठाऊक नाही. ती मुलगी सध्या अकरावीच्या विज्ञान शाखेत आहे, एवढे मात्र माहीत आहे.

मुलांसाठी अभ्यास

आज रात्री जेवणे झाली की मुलांना बोलवा. घरातली एक रिकामी पिशवी, एक गोणी आणि औषधाचा एक कागद समोर ठेवा. बाटली नको, नुसता कागद. त्यावर ‘मिन.’, ‘मॅक्स.’, ‘नॉट लेस दॅन’, ‘अप टू’ हे शब्द कुठे आहेत ते शोधायला सांगा. प्रत्येकाचा अर्थ ‘तरी’ की ‘पर्यंत’ ते विचारा. मग या पाच वाक्यांचे इंग्रजी करायला द्या, सगळ्यांत ‘ॲट लीस्ट’ आले पाहिजे :

आम्हाला दोन गोण्या तरी हव्यात. बस यायला अर्धा तास तरी लागेल. रोज निदान दोन तास अभ्यास कर. या झाडाला शंभर आंबे तरी आहेत. निदान फोन तरी कर.

उत्तरे चुकली तरी रागावू नका. आम्ही अधिकारी लोकसुद्धा चुकतो, ते वर सांगितलेच आहे. आणि घरात वाचणारे कुणी नसेल तर लेबल घेऊन माझ्यासारख्याकडे या. एवढे तरी काम आमचे आहेच.